वीतभर उरलेली भिंत

किल्ली माझ्याकडे असते. कोपरापासून मनगटाएवढी, लोखंडी,
थंडीत बोटांना चिकटते.
उन्हाळ्यात बोटीने येणारे विचारतात, हे चर्च की बुरूज?
मी म्हणतो, दोन्ही. आणि कोठारसुद्धा.
खाली प्रार्थना, मधल्या माळ्यावर राई नि जव,
वर छपराखाली धोंडे,
समुद्रावरून येणाऱ्यांच्या डोक्यात घालायला.

मधोमध एक खांब. सहा जणांनी हातात हात धरले
तरी सातवा लागतो.
त्या खांबाभोवती एका माणसाने जग काढलं.

नाव कुणी लिहून ठेवलं नाही त्याचं.
मिठाच्या जहाजातून आला असावा, असं आमचे लोक म्हणतात,
आणि आमचे लोक
हेरिंगचं वजनही दीडपट सांगतात.
चुना ओला आहे तोवर रंग. सुकला की हात थांबला.
म्हणून रोज दिवसापुरतीच भिंत लिंपायची,
आणि चुना कालवायला एक पोर:
टूए, बोडिलचा. बाप बुडालेला.

पहिला उजेड काढला. मग पाणी. मग मासे,
ते मात्र अगदी आमचे, पोटाशी चंदेरी.
मग बाई, बरगडीतून अर्धी बाहेर,
न्हाणीच्या पिंपातून उठावी तशी.
मग पाळणा, गाढव, खिळे,
मग तराजू, मग नरकाचा जबडा
आणि जबड्यात एक व्यापारी, थैलीसकट.
(त्याच्या नाकाचे लोक अजून पहिल्या बाकावर बसतात.
आम्ही काही बोलत नाही.)

पण गोल भिंतीला शेवट कुठून आणणार?
माप चुकलं त्याचं.
जग संपलं, आणि पुढे वीतभर अंतरावर
पहिली सकाळ तशीच उभी.
मध्ये कोरा चुना, ओला, सुकत चाललेला.
एवढ्याशा जागेत संत मावत नाही.
त्याने पोराला काढलं.
बादली. फाटकी बाही. एक डोळा मिटलेला,
चुना उडाला असेल.
नरकाकडे पाठ.

पुढे तीनशे वर्षं मेणबत्त्यांची काजळी.
मग नवा धर्म आला, देव तोच घेऊन.
पाद्री येस्पर म्हणाले, चित्रं नकोत, शब्द पुरे.
हिशेबाच्या वहीत एवढीच ओळ:
'चुना चार पिंपं, कुंचले दोन, बिअर.'
पहिला हात. दुसरा.
प्लेगच्या साली एक, स्वीडिश शिपाई गेल्यावर एक,
श्रीमंताघरचं लग्न निघालं की एक.
देव, सैतान, व्यापारी,
सगळ्यांनाच चुना लागला.

शेगडीचा पाइप बसवताना खिळा ठोकला,
अंड्याचं टरफल निघावं तशी खपली पडली
आणि माशाने एका डोळ्याने पाहिलं.
त्या साली माझे पणजोबा नऊ वर्षांचे.

मग राजधानीतून होल्गर ट्रॅने आले, गळपट्टा बांधून.
त्यांनी बाईला पानं दिली, देवदूतांना गाल,
आणि पोराजागी द्राक्षवेल काढली.
चूक वाटली असेल. वेल कुठेही खपते.
शंभर वर्षं आम्ही त्या वेलीखाली नामकरणं केली.

परवा इंगेलिसे आली. कापसाचे बोळे, भिंग,
आणि थुंकी. थुंकीसारखं औषध नाही, म्हणाली,
आणि नऊ आठवडे एका वितेवर बसून राहिली.
आधी बादली निघाली.
मग बाही.
मिटलेला डोळा निघाला तेव्हा
तिने मला हाक मारली, मी शिडीवर चढलो,
दोघांपैकी कुणीच काही म्हटलं नाही.
बाहेर कुणाचं तरी ट्रॅक्टर सुरू होत नव्हतं.

मे महिन्यात बाहेरची सफेदी मी करतो. शिडी, बादली.
फिरत फिरत सुरुवातीपाशी येतो
तोवर तिथला चुना सुकलेला असतो,
किंचित वेगळा पांढरा.
सांधा दिसतो. दर वर्षी दिसतो.
कारेन म्हणते, आणखी एक हात दे ना तेवढ्यावर.
देत नाही मी.